विश्लेषण : अव्वल गोल्फपटूंचा फॉर्म नव्या करारानंतरच का हरपतो?

ऑगस्टा नॅशनलच्या अठराव्या ग्रीनवर १३ एप्रिल २०२५ रोजी रोरी मॅकिलरॉय गुडघ्यांवर कोसळला. प्लेऑफमध्ये जस्टिन रोझला नमवून त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली होती. चारही मेजर स्पर्धा जिंकणारा तो इतिहासातील सहावा गोल्फपटू ठरला आणि नव्या मेजर जेतेपदासाठीची त्याची जवळपास पावणेअकरा वर्षांची प्रतीक्षा संपली. त्या दिवशी अखेरपर्यंत झुंजलेल्या या दोघांमध्ये एक साम्य होते, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. दोघेही जागतिक क्रमवारीत अव्वल असताना, खेळ ऐन भरात असताना, त्यांनी नव्या करारापोटी बॅगेतील क्लब बदलले होते. आणि दोघांनाही त्यानंतर पडता काळ पाहावा लागला होता.

गोल्फमध्ये ही गोष्ट इतक्या वेळा घडली आहे, की ‘अमक्याने कंपनी बदलली’ अशी बातमी आली की जाणकार लगेच नाक मुरडतात. पण दोष खरोखर नव्या क्लबचा असतो का? की ज्या वेळी करार होतो, त्या वेळेचा?

घसरण किती मोठी असते?

क्रिकेटमध्ये फलंदाज सलग पाच डावांत अपयशी ठरला तर धावफलकच ते सांगतो. गोल्फमधील घसरण सुरुवातीला डोळ्यांना दिसतही नाही. चार दिवस, चार फेऱ्या, ७२ होल. साधारण २८० फटक्यांच्या या हिशेबात अव्वल खेळाडू आणि चाळिसावा खेळाडू यांच्यात फरक असतो तो फेरीमागे एक-दोन फटक्यांचा. फेरीत एक फटका जास्त लागला तर स्पर्धेत चार वाढतात. चार फटके वाढले की जेता पंधरावा येतो आणि पंधरावा येणारा कधी दोन फेऱ्यांनंतरच्या ‘कट’मध्ये गारद होतो. मॅकिलरॉयने २०२३ची अमेरिकन ओपन विंडम क्लार्ककडून एका फटक्याने गमावली, २०२४ची ब्रायसन डीशॅम्बोकडून एका फटक्याने. त्याला कोणी फॉर्म हरपलेला खेळाडू म्हणाले नाही, पण वर्षे मात्र जात राहिली.

यात आणखी एक गोम आहे. गोल्फपटूला पगार नसतो. कट चुकला तर सहसा बक्षिसाची रक्कम शून्य, आणि विमानभाडे, हॉटेल, कॅडीचा पगार हे खर्च ज्याचे त्याने करायचे. पीजीए टूरचे पूर्ण सदस्यत्व टिकवण्यासाठी वर्षानुवर्षे पहिल्या १२५ खेळाडूंत राहावे लागे. २०२६च्या मोसमासाठी ही मर्यादा १००वर आणली गेली. म्हणजे थोडी घसरण झाली की उत्पन्न जाते, आणखी थोडी झाली की खेळायची जागाच जाते. वर्षाच्या सुरुवातीलाच जी रक्कम निश्चित असते, ती फक्त पुरस्कर्त्यांकडून येते. त्यामुळे करारामागे धावणाऱ्या खेळाडूला लोभी म्हणणे सोपे असले तरी ते न्याय्य नाही.

क्लब बदलला तर एवढे काय बिघडते?

सचिन तेंडुलकरच्या बॅटवर वर्षानुवर्षे एमआरएफचे स्टिकर होते. एमआरएफ ही टायर बनवणारी कंपनी. बॅट कोणत्या कारागिराकडून घडवून घ्यायची, तिचे वजन किती, मूठ कशी, हे सचिन ठरवणार. स्टिकर लावायला कंपनी पैसे देणार. क्रिकेटमध्ये ही सोय सर्वांनाच ठाऊक आहे आणि तिच्यात कुणाला वावगेही वाटत नाही.

गोल्फमध्ये ही सोय नाही. इथे पैसे देणारी कंपनीच क्लब बनवते आणि तिला ते दुकानात विकायचे असतात. ड्रायव्हरचे डोके लांबून ओळखू येते, आयर्नची पाठ कॅमेऱ्यात दिसते. शिवाय टूरवर कोण कोणत्या कंपनीचा क्लब आणि चेंडू वापरतो याची रीतसर मोजदाद होते आणि ते आकडे पुढे जाहिरातीत झळकतात. नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. पूर्ण करारात सहसा त्यातले दहा ते तेरा क्लब, शिवाय चेंडू, हातमोजा, बॅग आणि टोपी असे सगळे बांधलेले असते. एखाद-दुसऱ्या जागेची, बहुतेकदा पटरची, सूट मिळते.

आता कंपन्या म्हणतात, आजच्या तंत्रज्ञानात फरक उरलाच कुठे? रडारवर चालणारी यंत्रे चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी सारे क्षणात मोजतात. जुन्या क्लबचे आकडे घ्यायचे, नव्या क्लबचा शाफ्ट, लॉफ्ट, वजन बदलत बदलत तेच आकडे आणायचे, झाले काम. सरावाच्या मैदानावर हे खरेही असते. पण ते आकडे असतात चांगल्या फटक्यांचे. चांगला फटका कोणत्याही चांगल्या क्लबने चांगलाच जातो. प्रश्न असतो तो वाईट फटका किती वाईट जातो याचा. व्यावसायिक खेळाडू वर्षानुवर्षे एकाच धाटणीच्या क्लबने खेळतो, तेव्हा आपली चूक कुठे जाते हे त्याला पाठ असते. थकल्यावर चेंडू डावीकडे वळतो, घाई झाली की उजवीकडे सुटतो, हे धरूनच तो निशाणा लावतो. नव्या क्लबने चूक वेगळ्या बाजूला जाऊ लागली, की तो चांगला फटका मारतानाही बिचकतो. वारा सुटलेला, उजवीकडे पाणी, स्पर्धेचा रविवार. अशा वेळी आकडे कामाला येत नाहीत, सवय येते.

चेंडूचे तर त्याहून अधिक. ड्रायव्हर एका फेरीत चौदाएक वेळा हाती येतो, चेंडू प्रत्येक फटक्याला असतो. ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यात तो किती फिरतो, पटरवरून निघताना आवाज कसा येतो, यावर खेळाडूचा हात बसलेला असतो. म्हणून अनेक खेळाडू क्लबचा करार एका कंपनीशी आणि चेंडूचा दुसरीशी करतात. कंपन्यांना ते आवडत नाही, पण ज्याचे नाव मोठे त्याच्यापुढे त्यांनाही नमते घ्यावे लागते.

मॅकिलरॉय आणि रोझ यांच्याबाबत काय घडले?

मॅकिलरॉयने २०१२ची पीजीए चॅम्पियनशिप आठ फटक्यांनी जिंकली, अमेरिका आणि युरोप या दोन्ही टूरवर कमाईत पहिला क्रमांक मिळवला आणि जानेवारी २०१३मध्ये टायटलिस्ट सोडून तो नायकीकडे गेला. करारापूर्वीच सर निक फाल्डो यांनी अशा बदलातील धोक्याकडे बोट दाखवले होते. नव्या क्लबसह पहिल्याच स्पर्धेत, अबू धाबीत, तो कट चुकला. दुसऱ्या फेरीत तर त्याने नवा पटर बाजूला ठेवून जुना बाहेर काढला होता. मार्चमध्ये होंडा क्लासिकमध्ये फेरी अर्धवट सोडून तो मैदानाबाहेर गेला. कारण दाढदुखीचे दिले गेले, पण त्या वेळी तो सात ओव्हरवर होता. वर्षभरात एकच जेतेपद लाभले, तेही डिसेंबरच्या पहिल्या दिवशी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये.

इथेच गोष्ट संपली असती तर ‘क्लबने घात केला’ म्हणून मोकळे होता आले असते. पण २०१४मध्ये त्याच नायकीच्या क्लबनी त्याने ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप या दोन मेजर लागोपाठ जिंकल्या. म्हणजे क्लब खेळण्याजोगे होतेच. हात बसायला वर्ष गेले, इतकेच. मात्र कारकीर्दीच्या बहरातील एक वर्ष ही काही छोटी किंमत नव्हे.

पुढे ऑगस्ट २०१६मध्ये नायकीने गोल्फचे क्लब, चेंडू आणि बॅग बनवणेच थांबवले. मॅकिलरॉय मोकळा झाला आणि त्याच हंगामाच्या अखेरीस टूर चॅम्पियनशिप व फेडेक्स चषक जिंकून गेला. २०१७च्या सुरुवातीला त्याने कॅलवेचे क्लब वापरून पाहिले, मे महिन्यात टेलरमेडशी दीर्घ मुदतीचा करार केला. ते वर्ष जेतेपदाविना गेले. मात्र त्या वर्षी त्याला बरगडीच्या दुखापतीनेही छळले होते. दोष कुणाला द्यायचा? पुढची सारी वर्षे त्याच कंपनीच्या क्लबसह तो प्लेअर्स जिंकला, फेडेक्स चषक आणखी दोनदा जिंकला, फक्त मेजर हुलकावणी देत राहिली. ऑगस्टातील दडपणाचा शाफ्टच्या वजनाशी संबंध नसावा.

रोझची कहाणी अधिक बोलकी आहे. सुमारे दोन दशके टेलरमेडचे क्लब वापरणारा रोझ २०१८चा फेडेक्स चषक जिंकून अव्वल स्थानी पोहोचला आणि २०१९च्या आरंभी जपानच्या होन्मा कंपनीकडे गेला. त्याच महिन्यात टोरी पाइन्सवर फार्मर्स इन्शुरन्स ओपन जिंकून त्याने टीकाकारांना गप्प केले. त्यानंतर मात्र खेळ हळूहळू ओसरत गेला. मार्च २०२०मध्ये त्याच्या बॅगेत इतर कंपन्यांचे क्लब दिसू लागले आणि मे महिन्यात करार संपुष्टात आला. तेव्हा अनेकांना वाटले, आता गाडी रुळावर येईल. ती आली नाही. रोझ पहिल्या पन्नासांतूनही बाहेर गेला आणि पुढचे पीजीए टूर जेतेपद थेट फेब्रुवारी २०२३मध्ये, पेबल बीचवर, चार वर्षांनी मिळाले. वयाच्या ४४व्या वर्षी ऑगस्टात त्याने शेवटच्या फेरीत ६६ फटक्यांत दहा बर्डी नोंदवून मॅकिलरॉयला प्लेऑफपर्यंत खेचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४५व्या वर्षी सेंट ज्यूड चॅम्पियनशिप जिंकली. हे सारे त्याने कोणत्याही एका कंपनीला पूर्ण बॅग न बांधता, आवडेल तिथून एकेक क्लब उचलत केले.

क्लब सोडल्यावरही तीन वर्षे खेळ परतला नाही, याचा अर्थ दोष क्लबचा नव्हता असा काढता येईल. किंवा क्लबशी जुळवून घेताना बदललेला स्विंग पूर्ववत व्हायलाच तीन वर्षे लागली, असाही काढता येईल. खुद्द रोझलाही यातले नेमके कोणते खरे हे छातीठोकपणे सांगता येईल असे वाटत नाही. माझ्या मते खरा तोटा हाच आहे.

मग करार नेमका चुकीच्या वेळी होतो का?

होय, आणि या प्रश्नाच्या मुळाशी तेच आहे. कंपनी खेळाडूला सर्वाधिक पैसे केव्हा देते? तो अव्वल असताना, मेजर जिंकल्यावर. म्हणजे खेळाच्या दृष्टीने क्लब बदलण्याची यत्किंचित गरज नसते, नेमके तेव्हा. चालती गाडी सोडून दुसऱ्या गाडीत बसण्यासाठी मिळणारे हे पैसे आहेत. झॅक जॉन्सनने २०१५ची ओपन जिंकली आणि पुढच्याच वर्षी तो पीएक्सजीकडे गेला. त्यानंतर पीजीए टूरवर त्याला जेतेपद मिळालेले नाही. फ्रान्सेस्को मोलिनारीने २०१८ची ओपन जिंकली, मार्च २०१९मध्ये कॅलवेशी करार केला आणि पहिल्याच स्पर्धेत, बे हिलवर, जेतेपद पटकावले. महिनाभराने मास्टर्सच्या अखेरच्या फेरीत आघाडीवर असताना बाराव्या होलवर त्याचा चेंडू रेज क्रीकच्या पाण्यात गेला, टायगर वूड्स जिंकला आणि मोलिनारी पुन्हा त्या उंचीवर दिसला नाही. ती घसरण कॅलवेच्या माथी मारायची की त्या एका फटक्याच्या?

यात आकड्यांचा एक साधा खेळही आहे, जो चर्चेत विसरला जातो. शिखरावर असलेल्या कुणाचीही पुढची वाट बहुधा उताराचीच असते. कारकीर्दीतील सर्वोत्तम वर्षानंतरचे वर्ष त्याहून वाईट असणार, क्लब तेच ठेवले तरी. करार शिखरावर होतात, म्हणून उतार करारानंतर दिसतो. जॉर्डन स्पीथकडे पाहा. २०१७ची ओपन जिंकल्यानंतर एप्रिल २०२१पर्यंत त्याला एकही जेतेपद मिळाले नाही, क्रमवारीत तो नव्वदीपार घसरला. त्याने कंपनी बदलली नव्हती. टायटलिस्टचे क्लब आणि चेंडू आधीही होते आणि नंतरही राहिले. स्पीथने त्या काळात नवा करार केला असता तर आज त्याचेही नाव या यादीत दिमाखात घेतले गेले असते.

तरीही क्लबला पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही, ते पेन स्टुअर्टमुळे. १९९१ची अमेरिकन ओपन जिंकलेला, गुडघ्यापर्यंतच्या आखूड विजारीत खेळणारा हा झोकदार खेळाडू १९९४मध्ये स्पाल्डिंगकडे गेला. पातळ पात्याच्या घडीव आयर्नची सवय असलेल्या स्टुअर्टच्या हाती पोकळ पाठीचे ओतीव आयर्न आणि कंपनीचा टॉप-फ्लाइट चेंडू आला. १९९१च्या त्या विजयानंतर १९९९च्या फेब्रुवारीपर्यंत पीजीए टूरवर त्याला मिळाले ते एकच जेतेपद, १९९५चे ह्यूस्टन ओपन. करारातून सुटल्यावर १९९९मध्ये पेबल बीच आणि मग पाइनहर्स्टवर, अठराव्या ग्रीनवरचा पंधराएक फुटांचा पट बुडवून, पुन्हा अमेरिकन ओपन. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विमान दुर्घटनेत तो गेला. त्या मधल्या वर्षांतील किती कराराने खाल्ली, याचा हिशेब आता लागणार नाही.

लिडिया कोने काय गमावले आणि कसे मिळवले?

न्यूझीलंडची लिडिया को वयाच्या १७व्या वर्षी, २०१५मध्ये, जागतिक क्रमवारीत अव्वल ठरली. २०१६मध्ये तिने एलपीजीए टूरवर चार स्पर्धा आणि रिओ ऑलिम्पिकचे रौप्य जिंकले. त्या वर्षाच्या अखेरीस काही महिन्यांच्या अंतराने तिने कॅडी बदलला, प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटर यांची साथ सोडली आणि २०१७च्या जानेवारीत कॅलवे सोडून पीएक्सजीचे क्लब घेतले. विसाव्या वर्षाच्या आत सगळे घरच बदलल्यासारखे. २०१७मध्ये एकही जेतेपद नाही, जूनमध्ये अव्वल स्थान गेले. एप्रिल २०१८मध्ये एक विजय आला, त्यानंतर पुन्हा तीन वर्षे काही नाही. २०२०मध्ये ती पहिल्या पन्नासांबाहेर होती. त्याच वर्षी मॅरेथॉन क्लासिकमध्ये सहा होल उरले असताना पाच फटक्यांची आघाडी तिने घालवली, शेवटच्या होलवर डबल बोगी करून.

त्या काळात तिच्यावर जे लिहिले गेले त्यात क्लब, स्विंग, प्रशिक्षक, घटलेले वजन, आईवडिलांचा प्रभाव असे सारे काही होते. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या की चौथी कुठली बिघडली हे शोधायचे कसे? घरातला दिवा लागत नसेल तर आपण एकदा बल्ब बदलून पाहतो, मग बटण. दोन्ही बदलून वर नवी वायर ओढली तर बिघाड सापडत नाही. कोच्या बाबतीत क्लब वाईट होते असे म्हणायला आधार नाही. पण जे पक्के होते ते सगळे एकदम हलल्यामुळे, चूक आपली की साधनाची, हे विचारायला स्थिर असे काही तिच्याजवळ उरले नव्हते.

म्हणूनच पडत्या काळातील चिकाटीविषयी जे भाबडे बोलले जाते ते अपुरे वाटते. ‘जिद्द सोडली नाही’ म्हणजे नेमके काय केले? कोने शॉन फोली यांच्याबरोबर २०२०पासून पुन्हा मुळापासून काम केले. एप्रिल २०२१मध्ये लोटे चॅम्पियनशिप सात फटक्यांनी जिंकली. त्या वर्षी टोक्यो ऑलिम्पिकमध्ये ती कांस्यपदक घेऊन गेली, तेव्हा एका फटक्याने मागे राहून चौथी आली ती आपली अदिती अशोक. तो शनिवार सकाळी लवकर उठून गोल्फ पाहिलेल्या अनेक घरांना आठवत असेल. २०२२मध्ये को पुन्हा अव्वल झाली. २०२४मध्ये पॅरिसमध्ये सुवर्ण, त्याने २७व्या वर्षी एलपीजीएच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश, आणि दोन आठवड्यांनी सेंट अँड्र्यूजवर महिला ओपन, २०१६नंतरची पहिली मेजर.

बदल करून भले झालेले खेळाडू नाहीत का?

आहेत, आणि ते टाळून चालणार नाही. टायगर वूड्सने मे २००० मध्ये नायकीचा घन गाभ्याचा चेंडू घेतला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकन ओपन १५ फटक्यांनी जिंकली. पण तो बदल खेळासाठी होता. धागा गुंडाळून बनवलेल्या जुन्या चेंडूंचा जमाना तेव्हा सरतच आला होता. (पुढे २००३मध्ये फिल मिकलसनने टायगर निकृष्ट साहित्याने खेळतो असे म्हणून वाद ओढवून घेतला. त्याच मिकलसनने २००४मध्ये रायडर चषकाच्या ऐन तोंडावर टायटलिस्ट सोडून कॅलवे धरले आणि ओकलंड हिल्सवर दाणादाण उडाल्यावर टीका झेलली. पुढची दोन वर्षे मात्र त्याने प्रत्येकी एक मेजर जिंकली.) जॉन रॅम जानेवारी २०२१मध्ये कॅलवेकडे गेला आणि जूनमध्ये अमेरिकन ओपन जिंकला.

ब्रूक्स केपकाची गोष्ट उलट्या बाजूने सांगण्यासारखी आहे. नायकीने दुकान गुंडाळल्यावर त्याने पूर्ण बॅगेचा नवा करार केलाच नाही. मनाला पटतील ते क्लब वापरत २०१७ ते २०१९ या काळात चार मेजर जिंकल्या. २०२१च्या अखेरीस त्याने स्रिक्सनशी करार केला, तोपर्यंत नाव आणि पैसा दोन्ही हाताशी होते. नायकीच्या माघारीने टूरवर असे मोकळे खेळाडू एकदम वाढले आणि त्यांच्या यशामुळे कमी क्लब बांधणारे करार रूढ होत गेले. कंपन्यांना हे उशिरा सुचले असे म्हणायला हवे. हरणाऱ्या खेळाडूच्या हातातील नवाकोरा ड्रायव्हर कोण विकत घेणार?

रिकी फाऊलरने तर २०२२पासून कोसारखेच सगळे बदलले. कॅडी नवा, प्रशिक्षक म्हणून जुनेच बुच हार्मन पुन्हा, आणि कॅडीच्या बॅगेतला पाहून आवडलेला ओडिसीचा लांब मुठीचा पटर. तेव्हा तो क्रमवारीत १८५पर्यंत घसरला होता. जुलै २०२३मध्ये रॉकेट मॉर्गेज क्लासिकमध्ये त्याने साडेचार वर्षांनी जेतेपद मिळवले. तोवर विंडम क्लार्कने हुबेहूब तसाच पटर बनवून घेऊन त्याच उन्हाळ्यात अमेरिकन ओपन जिंकलीही होती. फाऊलर आणि को यांच्यातला फरक माझ्या मते इतकाच, की फाऊलरकडे गमावण्यासारखे काही उरले नव्हते आणि त्याचे तिन्ही बदल त्याने स्वतःच्या गरजेने निवडले होते. एका शिखरावरच्या मुलीने ते केले तेव्हा प्रत्येक पायरी खालीच जाणारी होती.

भारतीय गोल्फपटूंना हे लागू होते का?

वरवर पाहता नाही. आपल्याकडचा प्रश्न उलटा आहे. दशलक्ष डॉलरचे करार इथे कुणाची सवय मोडत नाहीत. देशांतर्गत टूरवरील बहुसंख्य खेळाडूंना क्लब वापरण्याचे पैसे मिळत नाहीत, मोफत किंवा सवलतीत संच मिळाला तरी तो मोठा आधार वाटतो. क्लब बहुतांशी परदेशातून येतात आणि त्यांच्या किमती सामान्य घराला परवडणाऱ्या नाहीत. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबमध्ये ग्रीन सांभाळणाऱ्या माळ्याचा मुलगा एसएसपी चौरासिया इतरांनी दिलेल्या जुन्या क्लबवर शिकला आणि २००८मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. अशा मुलाला कुणी संपूर्ण नवा संच देऊ केला, तर तो ‘माझी सवय मोडेल’ म्हणून नाकारेल का? नाकारू नयेच. पण तो आपल्या शरीराला, आपल्या स्विंगला जुळवून दिलेला असावा, निव्वळ कंपनीला यंदा खपवायचा आहे तो नसावा, एवढे मागण्याचा हक्क त्याला हवा. पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर व्यावसायिक टूरच्या स्पर्धा होतात, अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, पुण्याचाच उदयन माने टोक्यो ऑलिम्पिक खेळला. इथल्या मुलांसमोर पहिला करार येतो तेव्हा तो वाचून समजावणारे कुणी असतेच असे नाही. राष्ट्रीय संघटनेने आणि टूरने इतर कशाआधी हे काम हाती घ्यावे.

आणि पडता काळ कसा काढायचा याचे धडे परदेशातून आणण्याची गरज नाही. जीव मिल्खा सिंगने १९९९नंतर सात वर्षे एकही स्पर्धा जिंकली नव्हती. मनगटाच्या दुखापतीने तो हैराण होता. २००६मध्ये त्याने व्होल्वो चायना ओपन, व्हाल्डेरामाला व्होल्वो मास्टर्स आणि पाठोपाठ जपानमध्ये दोन अशा चार स्पर्धा जिंकल्या. अर्जुन अटवालने खांद्याच्या दुखापतीनंतर २०१०मध्ये पीजीए टूरचे सदस्यत्व गमावले, सोमवारची पात्रता फेरी खेळून विंडम चॅम्पियनशिपमध्ये शिरकाव केला आणि रविवारी पीजीए टूर जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. त्या आठवड्यात त्याच्या बॅगेत कोणत्या कंपनीचे क्लब होते हे कुणी विचारलेही नाही.

पुढे काय?

डिसेंबर २०२३मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांनी चेंडू किती लांब जावा याची चाचणी कडक करण्याचे जाहीर केले. तेव्हा ठरले त्याप्रमाणे व्यावसायिकांसाठी २०२८पासून आणि हौशी खेळाडूंसाठी २०३०पासून नवा नियम लागू व्हायचा आहे. तारखांवरून त्यानंतरही चर्चा सुरू राहिली आहे. तो लागू होईल तेव्हा लांब पल्ल्याच्या खेळाडूंपैकी बहुतेकांना चेंडू बदलावा लागेल, शिखरावर असलेल्यांना आणि तळाला असलेल्यांनाही, एकाच दिवशी आणि करार असो वा नसो. चेंडू बदलला की ड्रायव्हरचा कोन बदलेल, मग शाफ्ट, मग कदाचित आयर्नही. कंपन्यांची तयारी सुरू झाली असणारच. त्या वर्षी कुणाचा खेळ बिघडला तर निदान कुणाच्या बँक खात्याकडे बोट दाखवता येणार नाही.